बाजेखालची शेगडी

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. बायको आजारी पडली तेव्हा नातेवाइकांनी देवऋषी सुचवले, लिंबू उतरवा म्हणाले. सगळ्यांशी भांडलो. तिला बाहेरचं काही झालेलं नव्हतं, तिला बाजेखालच्या शेगडीनं खाल्लं होतं. तरीही मागच्या हिवाळ्यातलं हे लिहितोय... कारण मनात ठेवून दमलो.

रेखा, माझी बायको, पहिल्या बाळंतपणाला माहेरी पिशोरला होती. आमच्याकडं बाळंतिणीला शेक देतात — बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा, आणि वारं लागू नये म्हणून दार-खिडक्या गच्च बंद. त्या दुपारी सासूबाई अंगणात उन्हाला बसून बाळाला तेल लावत होत्या, म्हणून माझी मुलगी वाचली. आत रेखा बेशुद्ध. छत्रपती संभाजीनगरला आणली तेव्हा जीव होता, एवढंच.

डॉक्टर म्हणाले, निखाऱ्यांचा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. रेखा शुद्धीवर आली, बोलायला लागली, घरी आली. आम्ही पेढे वाटले! आणि मग काही आठवड्यांनी हळूहळू बिघडत गेली. मेंदूला बसलेला मार असा उशिराही दिसतो म्हणे. चाल मंदावली, हात थरथरायला लागले, गॅसवर कुकर ठेवला की विसरायची. कशाचाच वास येईना. भाजीवाल्याशी हुज्जत घालून हसत घरी येणारी ही बाई, आता एकटी जिना उतरत नाही. मुलगी शाळेत जाते, तिची वेणी मीच घालतो. खरं सांगू का? फार थकलोय.

तर मागच्या हिवाळ्यात, रविवारी दुपारी, मी टीव्हीसमोर पेंगत होतो. डोळे उघडले तर दार सताड उघडं, रेखा नाही. चपला जागेवरच. धावत खाली आलो. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, "वहिनी मागच्या गल्लीत गेल्या की. लई घाईत व्हत्या."

घाईत? आणि रेखा?

मागच्या गल्लीत आमची कुणाशीच ओळख नाही. तिथल्या एका घरात शिरून ती आतल्या खोलीचं दार दोन्ही हातांनी बडवत होती. घरातली म्हातारी पार गांगरून गेली होती.

"भाऊ, तुमच्या का ह्या? आत आमची सून हाय, बाळंतीण. झोपलीय. ह्या ऐकंनात बघा."

"रेखा आत हाय!" रेखा ओरडली. "रेखाला काढा की बाहेर!"

मी म्हातारीकडं वळलो. "मावशी, आत शेगडी आहे का?"

"हाय की. शेकायला ठिवलीय."

आतून कडी होती. खांदा मारून दार उघडलं. सून अर्धवट शुद्धीत ओकत होती, बाळ कुशीत निपचित. दोघांना उचलून अंगणात आणलं, तिथून रिक्षानं दवाखान्यात. वाचली दोघंही. सुनेचं डोकं अजून दुखतं. बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवत राहा, असं मी त्यांना पुन्हापुन्हा सांगून येतो.

मी खूप डोकं चालवलं. त्या घरात बाळंतीण आहे हे कुणी सांगितलं असेल? पण आमच्याकडं येतं कोण! धूर दिसला म्हणावा तर ते घर आमच्या खिडकीतून दिसतच नाही. वास तर तिला येतच नाही. आणि स्वतःच्या घराचा मजला न सापडणारी बाई अनोळखी गल्लीतल्या नेमक्या त्याच दाराशी गेली कशी?

रेखाला त्यातलं काहीच आठवत नाही. ती म्हातारी बाळाला घेऊन भेटायला आली, तर हिनं ओळखलंही नाही. फक्त अधूनमधून चहा पिता पिता मला विचारते, "अहो, रेखाला काढलं का बाहेर?"

"काढतोय," मी म्हणतो, आणि तिच्या थरथरत्या हातातला कप धरून ठेवतो.