बत्त्या अशाच दिसतात

ज्या वर्षी माझ्या बाबांचे डोळे गेले, त्याच वर्षी मला फोटोग्राफीत वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसता, तर मी निदान स्वतःला माफ केलं असतं. पण संबंध आहे, आणि तो माझ्या मूर्खपणाचा आहे.

आमचं घर वर्सोव्याच्या कोळीवाड्यात. बाबा तांडेल होते, म्हणजे बोट त्यांच्या हुकमावर चालायची. जाळं कुठे टाकायचं, कधी वळायचं, ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडातून आत कसं शिरायचं, सगळं तेच ठरवायचे. मी अंधेरीच्या एका कॉलेजात मास मीडियाला होते, घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे ती सरळ करून लिहितेय, कारण आमची बोली छापलेली दिसली की लोकांना उगाच विनोद झाल्यासारखं वाटतं आणि माझं डोकं फिरतं.

दुसऱ्या वर्षाला फोटोग्राफीच्या सरांनी असाइनमेंट दिली, प्रकाश आणि फोकस यांच्याशी खेळा. स्वच्छ फोटो हल्ली कोणाचाही फोन काढतो, ते म्हणाले, तसला मला एकही नको. मग काय, आम्हाला मोकळं रानच मिळालं. कोणी लेन्ससमोर दुधाची पिशवी धरली, कोणी पाण्याचा ग्लास. मी कॉलेजचा कॅमेरा आठवडाभरासाठी घरी आणला, लेन्सपुढे साधी काच बसवली आणि आईची व्हॅसलीनची निम्मी डबी तिला फासली. आई दारातून बघत होती. म्हणाली, "माझ्या टाचांना पुरत नाही आणि तू काचेला चोपडतेस? तिला काय भेगा पडल्यात?"

आधी मी बाबांच्याच मागे लागले. ते ओट्यावर बसून फाटलेलं जाळं सांधायचे, आणि सुईकडे बघायचेही नाहीत. नजर समोर कुठेतरी, बोटं आपली आपण चाललेली. मला ते फार भारी वाटायचं. दिवसभर त्यांच्याभोवती कॅमेरा घेऊन नाचले. बोटांना सगळं पाठ होतं, त्यामुळे डोळे काय करतायत हे घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

ते फोटो काही जमले नाहीत. शेवटी एका संध्याकाळी धक्क्यावर गेले. दिवेलागण झाली होती, बोटी आत येत होत्या. मी काच काढून टाकली आणि फोकसची रिंग मुद्दाम चुकीच्या टोकाला फिरवली. प्रत्येक बत्ती फुगून भाकरीएवढी झाली. लाल, हिरव्या, पांढऱ्या, कडा विरघळलेल्या, एकीत एक मिसळलेल्या. बोटी दिसतच नव्हत्या. झकास, म्हटलं, हाच आपला फोटो.

त्याची मोठी प्रिंट काढून आणली आणि बाबांच्या हातात दिली. एरवी माझे फोटो ते वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसारखे बघायचे, छान म्हणायचे आणि परत द्यायचे. त्या दिवशी ते प्रिंट घेऊन दारात उजेडाला गेले. नाकाजवळ नेली, लांब धरली, मान तिरकी करून पुन्हा बघितली. मला वाटलं, आता विचारतील, हे काय बिघडवून आणलंस?

"बत्त्या अशाच दिसतात," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"अशाच. संध्याकाळी आत येताना. बरोबर काढलास बाय तू." आणि बोलून झाल्यावर माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मी तर हवेतच. हसले, त्यांच्या गळ्यात पडले, म्हटलं, "बाबा, काय बोललात तुम्ही! मला हे सुचलंच नसतं." माझ्या अडाणी बापाने एका वाक्यात कला समजून घेतली, असं माझ्या शहाण्या डोक्यात आलं. मला अभिमान वाटला, आणि थोडी कीवही आली असणार. ती कीव आठवली की आज स्वतःची किळस येते.

ते वाक्य मी फोटोखाली छापलं. 'माझे बाबा म्हणतात, बत्त्या अशाच दिसतात.' कॉलेजच्या पॅसेजमध्ये सगळ्यांचे फोटो लावले होते, सरांनी माझ्या फोटोसमोर अख्खा वर्ग उभा केला आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. आयुष्यभर ज्याने समुद्र बघितला त्याची ही नजर आहे, म्हणाले. टाळ्या पडल्या. सगळे मार्क त्या एका ओळीचे. पंचवीस-तीस पोरं, एक शिकलेला मास्तर आणि मी, एवढ्या जणांनी ती ओळ वाचली, आणि एकालाही वाटलं नाही की हा माणूस स्वतःला काय दिसतं तेच सांगतोय.

पुढच्या महिन्यांत घरात खुणा काय कमी दिसल्या? बाबा जेवताना आईला माशाचा काटा काढून द्यायला सांगू लागले. कोळ्याच्या घरात काटा काढून देतात तो दोन वर्षांच्या लेकराला. आई म्हणाली, "तांडेलाला आता भरवायलाही मीच." आम्ही हसलो. बाबाही हसले. त्यांना साखरेचा आजार होता, गोळी चालू होती, पण डोळ्यांचं कोणाच्या मनातही आलं नाही.

मग एका संध्याकाळी आत येताना त्यांनी बोट नांगरलेल्या दुसऱ्या बोटीवर घातली. आपल्याच खाडीत, जिथून ते तीस वर्षं ये-जा करत होते. माणसं वाचली, पण त्या बोटीची एक बाजू फुटली आणि अख्खा कोळीवाडा धक्क्यावर जमला. बाबा खाली उतरले तेव्हा लोकांनी नुसती बाजूला होऊन वाट दिली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रात्री काकाने, बाबांच्या धाकट्या भावाने, आईला सांगितलं की वर्षभर दादा त्याला पुढे बसवायचा आणि दर दोन मिनिटांनी विचारायचा, काय दिसतंय, सांग. काकाला वाटायचं दादा आपल्याला शिकवतोय.

डॉक्टरांनी तपासलं. साखरेने डोळ्यांच्या आतल्या पडद्याची वाट लावली होती. उजवा गेलाच होता. डाव्याला इंजेक्शनं, लेझर, सगळं झालं, आता त्याने उजेड कळतो आणि दारात कोणी उभं असलं तर सावली. काही महिने आधी आणायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले. तेव्हा बरंच वाचवता आलं असतं. आईने विचारलं, "पण आम्हाला कसं कळणार होतं हो?" मी शेजारीच उभी होते.

बोट आता काका नेतो. मी ती प्रिंट फाडून टाकली, फाईल पुसली, कॅमेऱ्याला हात लावणं सोडलं. आईला वाटलं नाद संपला पोरीचा. बाबांना सांगायला मात्र आठ महिने लागले. दुपारी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम माझं होतं. थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडून राहावं लागतं. एका दुपारी ते तसे पडलेले असताना मी सगळं बोलून टाकलं. छापलेलं वाक्य, सर, टाळ्या, मार्क. "मला तेव्हाच कळायला हवं होतं, बाबा," म्हटलं. "चुकलं माझं. तुमचे डोळे माझ्यामुळे गेले."

त्यांचे डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं झोपले.

मग म्हणाले, "आईला नव्हतं सांगितलं. काकाला नव्हतं. तुला एकटीलाच सांगितलं होतं. म्हटलं, शिकलेली आहे, हिला कळेल."

मी रडत होते. त्यांनी हात चाचपत माझा गुडघा शोधला.

"तू एवढी खूश झालीस ना," ते म्हणाले. "मला वाटलं, म्हणजे सगळ्यांनाच तशा दिसतात. मग डॉक्टरकडे कशाला जायचं?"