भिंतीवरून गेलेली चिठ्ठी

माझ्या भाचीला ऑफिसात 'फौजदार' म्हणतात, आणि ते उगाच नाही. दूधवाला हसला तरी हिला वाटतं, आज पाणी जास्त आहे.

तिचं काम काय, तर फोनवरचं ॲप तयार होण्याआधी ते कागदावर चितारायचं. एकेका चिठ्ठीवर एकेक पडदा: कोण फोन उघडतं, बोट कुठे ठेवतं, पुढे काय दिसतं. मग मधे बाण काढून सगळं भिंतीवर. याला म्हणतात स्टोरीबोर्ड. तिच्या चित्रांत फोन वापरणारी बाई कायम एकच, चष्मा कपाळावर चढवलेली म्हातारी. मी विचारलं, "ही कोण गं?"

"तू नाहीस, मावशी."

म्हणजे मीच.

त्या महिन्यात तिची नोकरी कायम व्हायची होती. काम होतं घरी परिचारिका पाठवणाऱ्या ॲपचं. एके सकाळी भिंतीवरची एक चिठ्ठी गायब. नेमकी 'सेवा बंद करा' हीच. पंख्याने उडाली? झाडणाऱ्या बाईंनी नेली? आमची फौजदार भिंतीला नाक लावून उभी. शेजारचे बाण खोडून नवे काढलेले होते. पंखा काही बाण काढत नाही! शिवाय तिचे बाण काटकोनात वळतात. हे गोल गरगरीत, साहेबांच्या सहीसारखे.

ती तडक साहेबांकडे गेली. ते म्हणाले, "गिऱ्हाईक आत आलं म्हणजे झालं. तुला कायम व्हायचंय ना?"

ती चक्क "बरं" म्हणून परत आली. घरी तिने हे सांगितलं, तेव्हाच मला संशय आला.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात घेऊन गेली. कागदावरचं ॲप एखाद्या परक्या माणसाच्या बोटाने चालवून बघायचं, अशी त्यांची रीत. ॲप करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाई समोर, साहेब शेजारी. मी बोट ठेवायचं, भाचीने पुढची चिठ्ठी सरकवायची. परिचारिका आली, मी बरी झाले.

"आता सेवा बंद कर," भाची म्हणाली.

कुठेही बोट ठेवा, पुढे 'सेवा वाढवा'. माझं डोकंच फिरलं. "अहो, यातून सुटायला काय मरायला हवं?"

डॉक्टरीणबाईंनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी छताकडे. "एक चिठ्ठी पडली असेल कुठेतरी," असं पुटपुटत त्यांनी ती स्वतःच्याच खिशातून काढली.

भाची कायम झाली. तिला त्याचाही संशय येतोय. नेमणुकीचं पत्र घेऊन बसलीय. म्हणते, यातून बाहेर पडायचा बाण कुठे आहे ते आधी बघू दे.