लोरेनाची तीन नावं

व्हर्लिन स्टकी मुखस्तंभ आहे, हे अमेरिकेतल्या हार्लन क्रीक गावच्या कुत्र्यांनाही ठाऊक. धान्याच्या कोठारावर सकाळी कॉफीला जमणारी टोळी म्हणायची, "व्हर्लिनकडून बातमी काढण्यापेक्षा बैलाचं दूध काढणं सोपं!" सत्तावन्न साली लष्करात असताना हा नेवाडाच्या वाळवंटात काय करत होता? "खंदक खणले," एवढंच उत्तर. खोटं नव्हतं ते. त्याच खंदकात बसून अणुबाँबचा स्फोट अनुभवला, मिटल्या डोळ्यांपुढे स्वतःच्या हाताची हाडं दिसली, तेवढं मात्र गाळलेलं. कुणाला, अगदी बायकोलाही, सांगणार नाही अशी शपथ घेतली होती ना!

बायको लोरेना. तिला तीनदा दिवस राहिले, तिन्ही वेळा पोट पडलं. दोष माझाच, असं ती आयुष्यभर धरून बसली. व्हर्लिन खाली मान घालून ऐकत राहिला.

शहाण्णव साली सरकारने ती शपथ उठवली. पण व्हर्लिनला कळवतंय कोण? अठ्ठ्याण्णवमध्ये लोरेना गेली. तिच्या उशाशी बसूनही हा शपथेला जागला.

त्याला कळलं ते आणखी तीन वर्षांनी. अणुचाचण्यांच्या वेळी हजर असलेल्या सैनिकांची तपासणी सुरू झाली होती. नर्स रक्त काढता काढता सहज म्हणाली, "आता बोललात तरी चालतं हं. पाच वर्षं झाली."

"किती?" व्हर्लिनने विचारलं. मग पुन्हा विचारलं.

तिने एक फॉर्म दिला. पत्नीची बाळंतपणं, गर्भपात, साल. "आठवत नसेल तर त्यांच्या माहेरी विचारा."

माहेरचं उरलं होतं कोण? मेव्हणी ऑर्फा. म्हणजे गावचं वर्तमानपत्रच. रविवारी चर्चनंतर पुरवणीसुद्धा निघायची.

"वाट चुकलास का रे म्हाताऱ्या?" ॲपल पायची पारी लाटता लाटता ऑर्फा म्हणाली.

त्याने सगळं सांगितलं. चव्वेचाळीस वर्षांचं एका दमात. ऑर्फाचं लाटणं थांबलं.

"त्या बाँबमुळेच झालं का ते?"

"डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. पण तिला निदान शंका घ्यायला तरी जागा मिळाली असती, ऑर्फा."

ऑर्फाने लाटणं बाजूला ठेवलं. "साल मला धड आठवत नाही," ती म्हणाली. "नावं आठवतात."

"कुणाची?"

"पोरांची. लोरेनाने ठेवली होती. रोझेला, आयव्हन आणि धाकटी मे. तुला सांगू नको म्हणाली. जिवाला लावून घेशील म्हणून."

"आणि तू हे पोटात ठेवलंस? तू?"

"का? शपथा काय तुम्हा लष्करवाल्यांनाच घेता येतात?"

व्हर्लिनने फॉर्म उघडला. आकड्यांपुरतेच चौकोन होते. त्याने समासात एकाखाली एक तीन नावं लिहिली. मग पेन खाली ठेवलं.

"ती कशी म्हणायची ती नावं? तिच्यासारखी म्हणून दाखव ना."

ऑर्फाने पिठाचे हात पुसले, खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि आवाज अगदी खाली आणून म्हटलं, "रोझेला..."