गुणी यंत्र

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आमची भोईवाड्यातली चाळ पेटून उठली होती आणि आईचा जीव सारखा टांगणीला लागलेला. तिला समाधान एकच, की माझा धाकटा भाऊ रस्त्यावर नसतो, विमान शिकायला जातो. लालबागेत गोळीबार झाल्याचं कळलं की म्हणायची, "तो वर आसता ता बरा. थंय कोण गोळी घालतलो?"

त्याच्याच शाळेत मी उड्डाणाची पुस्तकी बाजू शिकवायचो. शाळेला सरावाचं यंत्र घ्यायचं होतं. यंत्र म्हणजे बंद डबा, आत विमानासारखी दांडी आणि घड्याळं, खाली भाते. जमीन न सोडता वळायचं, कलायचं. लढाईनंतर उरलेली दोन यंत्रं पारखायला आली. आम्ही तिघांनी एक निवडायचं होतं.

पहिलं कसंही वाकडं करा, दांडी सोडली की आपोआप सरळ व्हायचं. दुसऱ्यात वेग कमी असताना वळण आवळलं की एक बाजू धाडकन पडायची, आणि दांडी सोडली तर आणखीच पडायची. नाक खाली घालून, वेग घेऊनच सावरावं लागे. मुलं घामाघूम होऊन बाहेर यायची. माझ्या दोन वरिष्ठांनी पहिल्याचं नाव ठेवलं गुणी, दुसऱ्याचं द्वाड.

"विमान गुणी नसतं!" मी ओरडलोच.

"मास्तर, पोरांना घाबरवून वैमानिक होतात का?" त्यातले एक म्हणाले.

द्वाड यंत्र परत गेलं. अजूनही आठवलं की माझं डोकं तापतं.

धाकटा मात्र खूश. संक्रांतीला त्याच्या पतंगापुढे अख्ख्या भोईवाड्यात कुणाचा टिकाव लागत नसे. पतंग गोता खायला लागला की मांजा ढिला सोडायचा, तो सावरतो, हे त्याच्या बोटांत मुरलेलं. गुणी यंत्राने तीच सवय पक्की केली. "दादा, ढील दिली की झालं!" जेवताना मी कानीकपाळी ओरडायचो, तो हसण्यावारी न्यायचा.

मग एकदा खऱ्या विमानात, खूप उंचावर, वळताना एक पंख तसाच धाडकन खाली पडला. याने दांडी सोडली. बरंच खाली येऊन विमान सावरलं. घरी येऊन मलाच चिडवायला लागला, "बघ, तुझं पुस्तक खोटं!"

"अरे, खाली उंची होती म्हणून वाचलास," मी म्हणालो. तोवर तो शेजाऱ्यांना सांगायला गॅलरीत पोचलासुद्धा होता. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांकडे गेलो, तर ते म्हणाले, "सावरला ना? मग झालं."

त्यानंतर लवकरच एका हरताळाच्या दिवशी आई मला ओढतच प्रभादेवीच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. कशाला, ते वाळूत पाय ठेवल्यावर सांगितलंन. धाकट्याने तिला कबूल केलं होतं, इथून विमान नेईन, तुला ओळखलं की पंख कलवून दाखवीन म्हणून.

विमान पाण्यावरून आलं, अगदी खालून. आम्हाला बघून त्याने वळण घेतलं, मग तेच आवळलं. इंजिनाचा आवाज बसला आणि डावा पंख पडला. नाक तसंच वर राहिलं, म्हणजे त्याने दांडी सोडली होती. खाली पाच-सहा माडांइतकीही उंची नव्हती.

आईने पदर हलवला.

"बघ," ती म्हणाली, "वळाखल्यान माका."