बोटीच्या पोटातला गाळ

फेरीबोटीवर बावीस वर्षं झाडलोट केलेल्या त्या बाईला सगळे फिनेलमावशी म्हणत. घाणीची तिला लहानपणापासून शिसारी, आणि आयुष्य गेलं ते घाण उपसण्यात. समुद्र जरा खवळला की उतारू ओकायचे, बाकांखाली उष्टं टाकायचे, संडासाच्या भिंतींना हात पुसायचे. माणूस म्हणजे दोन्हीकडून गळणारी पिशवी, असं ती नवऱ्याला ऐकवायची. तो बिचारा जेवता जेवता हात आखडता घ्यायचा.

खाडीवर पूल झाला आणि फेरी बंद पडली. बोट तीन वर्षं धक्क्याला गंजत उभी होती. मग बंदराच्या कचेरीने ठरवलं की तिला किनाऱ्याच्या जवळच्याच एका कोपऱ्यात बुडवायची. तिथे पाठीवर हवेची टाकी बांधून हौशी लोक किनाऱ्यावरून, दगडी पायऱ्यांनी सरळ पाण्यात उतरत. पण तळाला नुसती वाळू, बघण्यासारखं काही नाही. लोखंडाचा सांगाडा खाली गेला की त्यावर शेवाळ, शिंपले धरतात, आडोशाला मासे येतात, हळूहळू खडकच तयार होतो. अट एवढीच होती की बोटीत तेलाचा थेंब, वायरीचा तुकडा, प्लास्टिकचा कपटा राहता कामा नये.

त्या सफाईचा मुकादम होता मावशीचा जावई. तो घरी आला आणि म्हणाला, आई, त्या बोटीचे कानेकोपरे तुमच्याइतके कुणालाच माहीत नाहीत, तुम्ही आलात तर बरं होईल. मावशीने आढेवेढे घेतले, पण मनातून ती सुखावली होती.

कामाला लागल्यावर मात्र ते सुख आठ दिवसांत उतरलं. बाकं उखडली तर खाली वर्षानुवर्षांचं चिकटलेलं च्युइंगगम, केसांचे पुंजके, एक दातांची कवळी. भिंतीच्या फळ्या काढल्या तर आत उंदरांनी कुरतडलेला, मुतून पिवळा केलेला कापूस. संडासाच्या नळामागे हात घातला आणि तो तसाच बाहेर काढून ती दहा मिनिटं धूत बसली. एक थर काढावा तर खाली दुसरा. बावीस वर्षं आपण फक्त वरवर फडकं फिरवलं, हे तिला तेव्हा कळलं.

सातव्या आठवड्यात एका सोमवारी ती इंजिनाच्या खोलीत उतरली. शनिवारी जिथे लोखंडी पत्रे होते, तिथे मागच्या बाजूला सिमेंटची नवी कोरी जमीन दिसली. त्या पत्र्यांखाली बोटीचा सगळ्यात खोल खळगा होता. इंजिनातून गळणारं तेल आणि कुजकं पाणी तिथे साचायचं. कोपऱ्यात मनगटाएवढं भोक राहिलं होतं. मावशीने त्यातून एक सळई खाली सोडली आणि वर ओढली. सळईला हातभर काळा, दाट, लोंबणारा गाळ लागला होता. नासकं अंडं आणि डिझेल एकत्र केल्यासारखा वास सुटला. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या ओकाऱ्या पुसलेली ती बाई त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः त्या बोटीवर ओकली.

तोंड धुऊन ती जावयाकडे गेली. त्याने तिला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात समजावलं. खळगा अरुंद आहे, पंपाची नळी आत वळत नाही, बोट बुडवायची तारीख ठरली आहे, आणि वरचं सिमेंट शंभर वर्षं हलणार नाही.

"आणि आई, माशांना काय नाक असतं?" असं म्हणून तो हसला.

मावशी त्याच्या बोटांकडे बघत राहिली. नखांत काळं भरलं होतं. याच बोटांनी हा माझ्या नातीला घास भरवतो, हे तिच्या मनात आलं.

घरी गेल्यावर तिने ताट बाजूला सारलं. जावयाला मनात शिव्या घालता घालता तिला स्वतःची बादली आठवली. फरशी पुसलेलं घाण पाणी धक्क्यावरच्या टाकीत नेऊन ओतायचं, असा नियम होता. टाकीपर्यंत पन्नास पायऱ्या चढायच्या, गुडघे बोलायचे. ती रोज शेवटच्या फेरीला बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन सगळं पाण्यात ओतून द्यायची. फिनेल, ओकारी, सगळं. वास पसरेपर्यंत बोट पुढे गेलेली असायची. आता मी कुठल्या तोंडाने बोलू, असं म्हणून ती दोन दिवस गप्प बसली. त्या दोन दिवसांत तिला स्वतःची जेवढी किळस आली, तेवढी पुढे त्या गाळाचीही आली नाही.

गुरुवारी तपासणीला कचेरीतले साहेब आले. बरोबर डायव्हिंग शिकवणारी बाई होती. त्या पाण्यात तिचे शिकाऊ लोक उतरणार म्हणून तिला बोलावलं होतं. साहेबांनी नाकाला रुमाल लावला, पॉलिश केलेले बूट जपत इंजिनाच्या खोलीत एक चक्कर मारली, कागदावर खुणा केल्या आणि सहज विचारलं, सगळं आटोपलं ना? जावई हो म्हणाला.

"नाही साहेब," कोपऱ्यातून मावशी म्हणाली. "या सिमेंटखाली तेलाचा गाळ आहे. मी काढून बघितलाय."

साहेबांचा चेहरा आंबट झाला. पण गाळावर नाही, तिच्यावर. जणू ती घाण तिनेच आणून ठेवली होती. बाहेर मंडप उभा राहिलाय, पाहुण्यांना आमंत्रणं गेलीत, हे आत्ताच सांगायचं होतं का, असं ते म्हणाले. तेवढ्यात डायव्हिंगवाल्या बाईने कोपऱ्यातला घण उचलला आणि विचारलं, कुठे? मावशीने पायाने जागा दाखवली. चौथ्या घावाला सिमेंट फुटलं. पुढचं काम वासाने केलं. साहेब दोन दोन पायऱ्या चढत वर पळाले, सही राहिली आणि बोट बुडवायची तारीख पुढे ढकलावी लागली.

जावयाला त्या कामावरून काढून दुसऱ्या गोदामावर पाठवलं. त्याने सासूशी बोलणं टाकलं. मुलगी मात्र आली, आणि दारातूनच म्हणाली, "आई, घरातल्या माणसाला असं चारचौघांत उघडं पाडायचं?"

मावशी म्हणाली की त्या पाण्यात लोक तोंडात नळी धरून उतरणार आहेत, त्यांना काय सांगायचं? मुलगी लहानपणी आईबरोबर बोटीवर जायची. तिने सगळं पाहिलेलं होतं.

"तू काय कमी ओतलंस त्या पाण्यात?"

"खूप ओतलं," मावशी म्हणाली.

गाळ शेवटी हातानेच काढावा लागला. सिमेंट फोडलं तरी खाली बोटीच्या दोन लोखंडी बरगड्यांमधल्या फटीत कुणी मावत नव्हतं. मावशी किडकिडीत, ती मावली. अकरा दिवस ती पालथी पडून, खांद्यापर्यंत हात आत घालून, डबड्याने गाळ उपसत होती आणि लाकडाच्या भुशाने, चिंध्यांनी पुसत होती. यात तिला काही पुण्य वाटलं नाही. जावयाला, साहेबांना, बोट बांधणाऱ्याला आणि स्वतःला, रोज ठरलेल्या क्रमाने ती शिव्या घालायची. पुढे महिनाभर तिने भात हाताने कालवला नाही, चमच्याने खाल्ला.

बोट बुडवली त्या दिवशी मंडपात भाषणं झाली. साहेबांनी स्वच्छ समुद्रावर बराच वेळ घेतला. मावशी लांब पायऱ्यांवर उभी होती. तुंबलेली मोरी मोकळी व्हावी तसा आवाज करत बोट खाली गेली आणि तळाला जरा डावीकडे कलून बसली. डायव्हिंगवाली बाई तासभर पाण्याच्या कडेला उभी राहून तेलाचा तवंग येतो का बघत होती. नुसता फेस आला आणि विरला.

दीड वर्षाने ती बाई मावशीकडे मुद्दाम आली आणि फोनवर तिने पाण्याखालचं चित्रण दाखवलं. कठड्यांवर तपकिरी, बुळबुळीत लव चढली होती. खांबांना नारिंगी गाठी फुटल्या होत्या, त्यांवर पांढरं, पुवासारखं काहीतरी हलत होतं. संडासाच्या दारात एक जाड ओठांचा मासा तोंड उघडमीट करत बसला होता, आणि वरून माशांच्या थव्याची विष्ठा बारीक धुरळ्यासारखी खाली पडत होती.

"शी," मावशी म्हणाली. "काय अवस्था केली हो तिची."

हेच तर हवं होतं, मावशी, हे सगळं जिवंत आहे, असं बाईने सांगितलं. मावशीने नाक मुरडत शेवटपर्यंत पाहिलं.

"जिवंत आहे ते दिसतंय. म्हणून तर एवढी घाण," ती म्हणाली, आणि पुन्हा दाखवू नका असं बजावून चहा ठेवायला उठली.

मुलगी आता महिन्यातून एकदा नातीला घेऊन येते. जावई वर येत नाही, खाली रस्त्यावर स्कूटरला टेकून उभा राहतो. मावशी त्याला नातीच्या हाती चहा पाठवते. कप उष्टा, तळाला साखरेचा चिकट थर घेऊन वर येतो. मावशी तोंड वाकडं करून तो दोनदा घासते, पण पुढच्या वेळी साखर कमी घालत नाही.