बंगल्यात ठरलेली भेट

मुलाकडच्यांना घरी बोलवायचं आईच्या जिवावर आलं होतं. मोहोपाड्यात आमच्या कॉलनीत जिन्यावरून कोण चढलं, पोह्यांचा वास कुणाकडून आला, हे सगळ्या मजल्यांना कळतं. मग नकार आला की तोही कळतो. म्हणून मध्यस्थी करणाऱ्या मामाने सुचवलं, जुन्या हायवेवरच्या त्या बंगल्याचं आता म्युझियम झालंय, तिथे भेटू. कुणी विचारलं तर फिरायला गेलो होतो म्हणायचं.

बंगला एका उद्योगपतीचा. मुंबईत त्याच्या गिरण्या होत्या, आणि हवा बदलायला तो इथे यायचा. आता घरातलं कुणी उरलेलं नाही. रविवारी शाळांच्या सहली येतात, आणि पुण्याला निघालेली माणसं बाथरूमसाठी थांबतात.

मुलगा कळंबचा. त्यांनी जमिनीचा एक तुकडा विकलेला, उरलेली अजून कसतात. बायोडेटात लिहिलं होतं, रिसॉर्टमध्ये मॅनेजर. मोठी माणसं बागेतल्या बाकांवर बसली. त्याच्या आईने माझ्याकडे बघून विचारलं, "काय गं पोरी, बोलतेस का नाय?" मी हसले. "हसते तरी," त्या म्हणाल्या आणि सगळेच हसले. मग मामा म्हणाला, "जा, तुम्ही दोघं आतून बघून या. आम्हा म्हाताऱ्यांना कुठे जिने चढवता!"

आत प्रत्येक वस्तूखाली माहिती होती, वर इंग्रजीत, खाली मराठीत. मी इंग्रजी वाचत होते, तो मराठी. त्याचं आधी संपायचं आणि तो थांबायचा. माझ्यासाठी कुणी थांबलं की मला घाई होते आणि काहीच वाचून होत नाही. त्या दिवशी तसं झालं नाही.

"एवढ्या खोल्या," तो म्हणाला, "भांडण झालं तर माणूस सापडायचा नाय."

"मग भांडण मिटणार कसं?" मी विचारलं. अनोळखी माणसाला मी आपणहून काही विचारलंय, हे विचारून झाल्यावर लक्षात आलं.

"जेवायला तर येईल ना!"

वरच्या मजल्यावर शेठजींची झोपायची खोली होती. दोरी लावलेली, पलीकडे मच्छरदाणीचा मोठा पलंग. तो चादरीकडे बराच वेळ बघत राहिला.

"सुरकुत्या बगा किती. आमचा साहेब असता तर बोलून बोलून जीव घेतला असता."

"कुणाचा?"

"माझा." त्याने मागे पाहिलं. खिडकीपाशी एक जोडपं सेल्फी काढत होतं, बाकी कुणी नव्हतं. "मी मॅनेजर नाय. मी खोल्या लावतो. चादरी, टॉवेल, बाथरूम. तुमच्या मामांनी तसं लिवलं, मला नाय पटलं. तुमाला सांगितल्याशिवाय खाली जायचं नाय, असं ठरवून आलोय."

दोरीवर हात ठेवून तो पुढे म्हणाला, "रिसॉर्ट आमच्याच शेतावर हाय. पैल्या दिवशी चादर घालताना मला कळंना, आपण कुठल्या खाचरात उभे हाय."

तो हे हसत सांगत होता. मला त्या माणसाशी लग्न करावंसं वाटलं. याआधी कुणाच्याही बाबतीत मला तसं वाटलं नव्हतं, त्यामुळे ते ओळखायला मला वेळ लागला नाही.

"खाली सांगणार?" मी विचारलं.

"सांगायलाच पायजे. तुमाला चालेल?"

मी हो म्हटलं.

त्याने बागेत सरळ बाबांसमोर उभं राहून सांगितलं. मामा चहाच्या कपात बघत म्हणाला, "म्हंजे, डिपार्टमेंट तेच हो." त्याची आई म्हणाली, "खोटं कशाला? आज ना उद्या कळायचंच." बाबा अतिशय नम्रपणे म्हणाले, की काम कुठलंही वाईट नसतं. बाबा इतके नम्र झाले की त्यांचं 'नाही' ठरलेलं असतं. निघताना त्याच्या आईने शेतातल्या वालाची पिशवी दिली. आईने ती दोन्ही हातांनी घेतली.

मामाची गाडी फाटकाबाहेर आली आणि आई म्हणाली, "लोकांनी झोपलेल्या चादरी! ह्याच्यासाठी हिला इंग्लिश मीडियमला घातली का?"

"ताई, पोरगा चांगला आहे गं," मामा म्हणाला.

"तू तर बोलूच नकोस."

"मला चालेल," मी म्हटलं.

मामाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. आई वळली. "चालेल म्हणजे? तुला काय कळतंय त्यातलं?" मी तेच पुन्हा म्हटलं, या वेळी थोडं मोठ्याने. बाबा पुढे बघत होते. "काच वर कर," ते म्हणाले, "धूळ येतेय."

संध्याकाळी बाबांनी फोन लावला. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं. "पत्रिका जुळत नाही हो," ते म्हणाले. "नाहीतर आमची काहीच हरकत नव्हती. मुलगा उत्तमच आहे."

त्यांची पत्रिका आम्ही मागवलीसुद्धा नव्हती. मला याआधी जे नकार आले, त्यातल्या बहुतेकांनी हेच कारण दिलं होतं, आणि मी ते खरं मानलं होतं. आता बाबांचा आवाज ऐकताना त्या घरांमधले फोन मला ऐकू यायला लागले. तिथेही कुणीतरी असंच खुर्चीत बसून, असंच गोड बोललं असणार. तिथल्या आतल्या खोलीत मात्र कुणी 'मला चालेल' म्हटलेलं नसणार.

बाबांनी फोन ठेवल्यावर मी बाहेर गेले. "बाबा, मला खरंच तो आवडला होता."

त्यांनी चष्मा काढून पुसला. रागावले नाहीत. रागावले असते तर पुढे काही बोलता आलं असतं. "झालं आता, बाळा," ते म्हणाले आणि त्यांनी बातम्या लावल्या.

त्याचा नंबर माझ्याकडे नाही. पत्रिकेचं त्याला खरं वाटलं का, हे मला कळायला काही मार्ग नाही. नसेलच वाटलं. त्या खोट्यात मी होते की नव्हते, हेही त्याला कधी कळणार नाही.

रात्री जेवताना आई म्हणाली, पुढच्या रविवारी पनवेलचं स्थळ आहे, मुलगा बँकेत आहे, कागदपत्रं बघून घेतलीत. तिथे तरी जरा मोकळं बोल.

मी विचारलं, कुठला ड्रेस घालू.