डाव्या कानात आलेलं ‘इकडं’

भूत, करणी, अंगात येणं... आमच्या घरात हे शब्द उच्चारायचीही सोय नव्हती. बाबा आदिलाबादकडच्या तामसी गावच्या शाळेत मास्तर आणि घर बौद्ध. एखादी शेजारीण “पोरीले नजर लागली” म्हणाली, की बाबा तिला चहा पाजून तासभर विज्ञान समजावत. ती बिचारी पुन्हा फिरकत नसे. तेव्हा या सदरात मी कधी काही लिहीन असं वाटलं नव्हतं. पण तुम्हा सगळ्यांचं वाचून वाचून म्हटलं, आपलंही एकदा सांगून टाकावं. आधीच सांगते – यात कोणी मरत नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी नाही. फुटबॉल आहे.

तेलंगण व्हायला बरीच वर्षं होती, आम्ही आंध्र प्रदेशात होतो. मी इंटरला, म्हणजे तुमची अकरावी-बारावी. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्लमपल्लीला, कोळशाच्या खाणींच्या गावात, तिथल्या हौशी मंडळींनी महिलांची ‘इंटरनॅशनल इन्व्हिटेशन फुटबॉल टूर्नामेंट’ भरवली. निमंत्रणं म्हणे बऱ्याच देशांना गेली होती. आला एकच – नेपाळ, आणि तोही तिथल्या एका क्लबचा संघ. बाकी हैदराबाद, नागपूर आणि यजमान म्हणून आम्ही, जिल्ह्याची टीम. पण बॅनरवर इंटरनॅशनल लिहिलंय म्हणजे इंटरनॅशनल! माईकवरचा माणूस नेपाळच्या पोरींना ‘फॉरेनर प्लेअर’ म्हणायचा आणि त्या फॉरेनरांचं हिंदी आमच्यापेक्षा बरं होतं. आम्हाला सगळ्यांना खाणकामगारांच्या क्वार्टर्समध्ये घरोघरी उतरवलं होतं. नेपाळची गोलकीपर आणि मी एकाच घरी. मायनं बांधून दिलेला ठेचा तिनं भाकरीबरोबर असा काही हाणला, की दुसऱ्या दिवशी मला नुसती भाकर उरली.

आता माझ्या कानाचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आहे. लहानपणी गालफुगी झाली, त्यात माझा डावा कान गेला. पूर्ण गेला. एका कानावर माणूस मजेत जगतो, पण एक गोष्ट गमावतो – आवाज कुठून आला ते कळत नाही. मला सगळं जग उजवीकडूनच बोलतं. माय म्हणायची, “धावपळीचा खेळ, अन् तुले मागून कोण येऊन राह्यलं ते समजत नाही. काऊन जीव धोक्यात घालतं?” बाबांनी कशीबशी परवानगी मिळवली होती, ती या टूर्नामेंटपुरती. जमलं तर पुढे बघू, नाही तर बॉल कपाटात.

आणि जमण्यात मोठी अडचण होती. आमच्या टीममध्ये अर्ध्या मराठी, अर्ध्या तेलुगू. आम्ही मराठी मुली एकमेकींना “आगं” म्हणून हाका मारायचो. तेलुगूत ‘आगु’ म्हणजे थांब. मी “आगं, पळ!” ओरडले की तेलुगू पोरी जागच्या जागी उभ्या! आमच्या सारांनी, म्हणजे कोचनी, डोक्याला हात लावला. शेवटी त्यांनी फर्मान काढलं : मैदानात एकच शब्द, ‘इकडं’. तेलुगूतही ‘इक्कड’ म्हणजे इथंच. जिला बॉल पाहिजे तिनं तेवढंच ओरडायचं. सगळ्यांचा प्रश्न सुटला... माझा सोडून. मला ‘इकडं’ ऐकू यायचं, पण इकडं म्हणजे कुठं?

म्हणून पहिले दोन सामने मी बाहेर बसून काढले. दोन्ही आम्ही सपाटून हरलो. नेपाळविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात मधल्या फळीतल्या मुलीचा पाय मुरगळला आणि सारांनी माझ्याकडे बघितलं. दुपार उतरत होती. कोळशाच्या भुकटीनं मैदान काळं, आमचे मोजे काळे, आणि शिफ्टवरून सुटलेली माणसं बायका-पोरांसकट कडेनं बसलेली. बाबाही होते, डावीकडच्या लाइनीला अगदी चिकटून.

मी जे काय दिवे लावले ते विचारू नका. डावीकडून हाक आली की मी बॉल उजवीकडे द्यायचे, थेट नेपाळच्या पायात. लोक हसत होते. हाफटाइमला सारांनी मला जवळ बोलावलं आणि नेहमीप्रमाणे उजव्या बाजूला उभं राहून म्हणाले, “देखो अम्मा, तेरी गलती नहीं है. लेकिन थोडी देर देखता, नहीं जमा तो बदल देता.” रागावले असते तर बरं झालं असतं. हा माझा शेवटचा सामना आहे, हे मला तिथंच कळलं.

नेपाळ चार गोलांनी पुढे. सारांनी बदलीच्या मुलीला उभं केलेलं मला दिसलं. तेवढ्यात बॉल माझ्याकडे आला. समोर नेपाळच्या दोघी, उजवीकडची वाट बंद. आणि कोणीतरी म्हणालं, “इकडं.”

डावीकडून.

ओरडून नाही. खेळताना आपण धापा टाकत बोलतो तसं, जवळून, बाईच्या आवाजात... आणि थोडं हसत. दोन्ही कान धड असलेल्यांना हे कसं सांगू? कायमची बंद असलेली खिडकी कोणी बाहेरून उघडावी, तसं झालं. इतक्या वर्षांनी मला डावी बाजू ऐकू आली होती! भीती वाटायला हवी होती, पण मला हसूच फुटलं. न बघता मी बॉल डावीकडे सारला.

तिथं कोणीही नव्हतं. मोकळी जागा. मग कुठून तरी स्वरूपा, आमची डावी विंगर, खाणकामगाराची पोर, वाऱ्यासारखी आली आणि तिनं बॉल थेट जाळीत मारला.

चार-एक! सगळ्या टूर्नामेंटमधला आमचा पहिला नि शेवटचा गोल. पण तुम्ही ते मैदान बघायला हवं होतं. कप जिंकल्यासारखे लोक आत घुसले, डप्पू, म्हणजे आपल्या हलग्या, वाजायला लागले, माईकवरचा माणूस तीन भाषांतून एकदमच ओरडायला लागला. नेपाळची गोलकीपर, माझी ठेचावाली, जाळीतून बॉल काढून मलाच मिठी मारायला आली. सारांनी बदलीच्या मुलीला खाली बसवलं.

गर्दीतून सुटल्यावर मी स्वरूपाला म्हटलं, “क्या बराबर टाइम पे आवाज दी तू!”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “मैं कब दी? मैं तो पीछे खडी थी. तू ‘इक्कड’ बोली करके तो मैं भागी.”

मी बोलले नव्हते. माझ्याच पायात बॉल, मी कशाला बॉल मागू?

बाकीच्या सगळ्यांना विचारून झालं. कोणीच हाक मारली नव्हती. मराठी पोरगी बोलली असेल की तेलुगू, तेही सांगता येईना, कारण शब्द दोघींचा एकच. बाबा तर हाकेच्या अंतरावर बसले होते. ते म्हणाले, “आमी त्याच बाजूले होतो बाई. तिकून कोणी बोललंच नाही.” परतीच्या बसमध्ये त्यांनी माझ्या डाव्या कानाशी टिचक्या वाजवल्या, घड्याळ धरलं. काही नाही. आदिलाबादच्या डॉक्टरांनी तपासलं – कान होता तसाच मेलेला. बाबांनी चार दिवस विचार करून निकाल दिला, “मेंदू करते असं कधी कधी. मनाची इच्छा असते.” मी म्हटलं, “अन् स्वरूपाचा मेंदू?” त्यावर त्यांनी पेपर उघडला.

आज मी स्वतः शाळेत पीईटी, म्हणजे खेळाची शिक्षिका आहे, मुलींना फुटबॉल शिकवते. त्या कानाला पुन्हा कधीही काही ऐकू आलं नाही. तुमच्यापैकी कोणाला याचं उत्तर सुचलं तर सांगा, पण मला समजावायला जाऊ नका, आमच्या बाबांनी ते करून बघितलंय.

खरी काळजी मला त्या दिवशी घरी जायचीच होती. चार-एकनं हरलेल्या पोरीला माय पुन्हा कशी सोडणार? तिला मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती चुलीपुढे बसून ऐकत होती.

“त्याच कानात?” तिनं विचारलं.

“त्याच.”

“काय म्हणलं?”

“इकडं.”

माझी गालफुगी, तो ताप, त्या रात्री... सगळं तिनंच काढलं होतं. मग तव्यावरची भाकर उलटत म्हणाली, “बोलावून राह्यले तर जा लागते, बाई. उद्या किती वाजता हाये प्रॅक्टिस?”